अम्माच्या विश्रांतीचे चाळीस दिवस

वडगावच्या लग्नघरात अम्माच्या छातीत कळ आली तेव्हा नवरीचा एकच हात भरून झाला होता.

आम्ही मणेर, बांगड्या करून विकणारे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं दोन खणांचं घर होतं. अब्बा घरात शेगडीपुढं बसून लाखेच्या बांगड्या करायचे, आणि अम्मा काचेच्या बांगड्या घेऊन दारोदार भरायला जायची. बांगड्या दोरीत ओवून त्यांचा जो भारा करतात, त्याला मलार म्हणतात. तो मलार खांद्यावर टाकून अम्मा पेठेच्या एका टोकाला हाक द्यायची, की दुसऱ्या टोकाची सून हात पुसत दारात यायची. असला तिचा आवाज. लग्नसराईत ती वडगावपासून मुरगूडपर्यंत जायची. मी तिची एकुलती एक. महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळेचं दार आमच्यासारख्यांनाही उघडं होतं, म्हणून अब्बांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. पंधरावं सरून सोळावं लागलं होतं आणि मी अम्माबरोबर फिरायला लागले होते. पण माझं काम लडी सोडून द्यायचं आणि उरलेल्या बांगड्या पुन्हा ओवायचं. हात भरायचा तो अम्मानंच.

घरात आम्ही मुसलमानी बोलायचो आणि दारात मराठी. आता लिहायला बसले तर सगळं मराठीतच आठवतंय, म्हणून तसंच लिहिते.

तर त्या लग्नघरात पुढच्या सोप्यात बायकांचा गराडा पडला होता. नवरी माझ्याएवढीच. अम्मा तिचा अंगठा तळहातात दुमडून, बोटांची पेरं दाबत, हिरवी बांगडी गोल फिरवून मनगटावर चढवत होती. एक हात भरला. दुसरा हातात घेतला आणि अम्मा थांबली. मी वर बघितलं तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि पदर छातीशी घट्ट धरलेला होता.

"अम्मा, काय होतंय?"

"काय न्हाई. वारं धरलंय छातीत."

नवरीची आज्जी पुढं झाली. उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथ. तिनं ओवा आणून दिला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बाई, तोंड पांढरं पडलंय तुझं. आडवी हो जरा. बांगड्या काय, भरता येतील मागनं."

अम्मा म्हणाली, "नवरीला एका हातानं बसवून मी पडू व्हय? थांबा."

आणि तिनं दुसरा हात भरला. एकेक बांगडी, मध्ये एकेक दम. मी लडीतून बांगडी काढून द्यायचे. एकही बांगडी फुटली नाही. मग अम्मा भिंतीला टेकली आणि तशीच हळूहळू कलंडली. मला वाटलं, तिला झोप लागली.

आज्जीनं ते तसं धरलं नाही. तिनं उभ्या उभ्या गाडी जुंपायला सांगितली. घरातलं कुणीतरी म्हणालं, उद्या लग्न आहे, गाडीला कामं आहेत. आज्जी म्हणाली, "लगीन उद्या हाय. गाडी आज मोकळी हाय." गाडीत कडबा अंथरला, त्यावर वाकळ टाकली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा तिनं स्वतः काढून घेतल्या. आजारी माणसाच्या डोक्यात तो आवाज नको म्हणून. नातीचं लग्न दुसऱ्या दिवसावर असताना ती म्हातारी आमच्याबरोबर कोल्हापूरपर्यंत आली. वाटेत अम्मानं एकदाच डोळे उघडले आणि मला विचारलं, "मलार नीट ठेवलास न्हवं?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी तिच्या छातीवर नळी लावली. बराच वेळ ऐकलं. पाठीवरून ऐकलं, पुन्हा छातीवरून ऐकलं. तोवर अब्बा धावत आले होते. हाताला लाख तशीच चिकटलेली, डोक्याला टोपी नाही. डॉक्टर म्हणाले, "काळजाचं दुखणं आहे. मोठं आहे."

अब्बा फार बोलणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, जगंल का?"

"पहिले चाळीस दिवस जपलंत तर पुढचं बोलता येईल. अंथरुणातून उठायचं नाही. ओझं उचलायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही."

पहिल्या दोन गोष्टींना अब्बांनी मान हलवली. तिसरी ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. अम्मा आणि मोठ्यानं बोलायचं नाही! त्या घडीलाही आम्हा दोघांना एकच विचार आला आणि दोघांनाही त्याची लाज वाटली.

तीन-चार दिवसांनी तिला घरी आणलं. खिडकीपाशी अंथरूण केलं. सकाळ-संध्याकाळ थेंब मोजून पाण्यातून औषध द्यायचं होतं. थेंब मोजायचं काम शिकलेली म्हणून माझ्याकडं. शेगडीच्या धुरानं तिचा श्वास कोंडू नये म्हणून अब्बांनी शेगडी, लाख, साचे, सगळं उचलून समोरच्या लिंबाच्या झाडाखाली नेलं. पावसाची एखादी सर आली की ते डोक्यावर पोतं घेऊन तिथंच बसायचे.

भीती आमच्या घरात मुक्कामाला आली होती. ती सगळ्यात जास्त सकाळी कळायची. उठल्याबरोबर माझं पहिलं काम म्हणजे अम्माच्या छातीवरची चादर हलते का, ते बघणं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी मी पाय न वाजवता गेले तर अब्बा आधीच तिथं वाकून उभे. आम्ही दोघं एकमेकांना बघून दचकलो. ते उगाच खिडकीची कडी बघायला लागले. अम्मा डोळे न उघडता म्हणाली, "हलतिया, हलतिया. जावा आता, दूध तापवा."

दूध तापवायचं म्हणजे कुठं अडलं! पण भाकरीचं काय? मला पेठेत जायचं होतं, कारण बांगड्या विकल्या नाहीत तर चूल कशावर पेटणार? तेव्हा भाकरी अब्बांनी शिकायची ठरली. लाखेला आकार देणारा माणूस, पण जोंधळ्याचं पीठ त्यांना जुमानेना. पहिली भाकरी त्यांनी ताटलीत घालून अम्मापुढं धरली. तिला तीन कोपरे होते आणि एका बाजूनं शेपूट निघालं होतं. मी म्हणाले, "अब्बा, शाळेत आपल्या संस्थानाचा नकाशा होता, तो असाच होता."

अम्मा हसायला लागली. आधी हळू, मग तिचे खांदे हलायला लागले. अब्बांचा चेहरा उतरला. "हसू नगंस! साहेबांनी सांगितलंय!"

"हसायचं न्हाई असं कवा सांगितलंय?"

खरंच, ते कुणी विचारलंच नव्हतं. अब्बांनी मला दवाखान्यात पिटाळलं. मी धापा टाकत गेले आणि डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हसलं तर चालतं का?" डॉक्टर लिहीत होते. त्यांनी टाक खाली ठेवला, चष्मा काढला. "कोण हसलं?" मी भाकरीची गोष्ट सांगितली. ते स्वतःच हसले आणि म्हणाले, "हसू दे. ठसका लागेपर्यंत नको." मी हा निरोप घेऊन आले तेव्हा अम्मा म्हणाली, "बघा. औषधात आणि एक भर पडली."

बांगड्या भरणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी मी मलार घेऊन पेठेत गेले आणि चार घरांत पाच बांगड्या हातावरच वाढवल्या. गिऱ्हाइकापुढं आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण शब्द बदलला म्हणून ओरखडा उठायचा राहतो का? एका सुनेच्या मनगटातून रक्त आलं. तिची सासू म्हणाली, "पोरी, तुझ्या आईचा हात तुला न्हाई गं आला." मी घरी आले आणि मलार कोपऱ्यात ठेवून रडले.

अम्मानं मला जवळ बोलावलं. अगदी हळू आवाजात, जणू चोरी सांगतेय तशी ती म्हणाली, "तू बांगडीकडं बघतीस. बांगडीकडं बघायचंच न्हाई. बाईच्या तोंडाकडं बघायचं. तिला बोलती ठेवायची. बाई बोलाय लागली की हात आपसूक सैल पडतोय."

तिनं माझाच हात घेऊन दाखवलं. पण स्वतःच्या हातावर काय शिकता येणार? मला सरावाला दुसरा हात पाहिजे होता. अम्माचा घ्यायची माझी छाती नव्हती. तेव्हा दारातून अब्बा म्हणाले, "माझा घे की."

अब्बांचा हात म्हणजे लाकडाचा ओंडका. लाख वळून वळून पेरं जाड झालेली, वर दाट केस. अम्मा पडल्या पडल्या सांगत होती, "अंगठा आत घे. दाब. आता बोलतं कर त्यास्नी."

मी विचारलं, "अब्बा, आज काय केलंत?"

"लाख वितळवली."

"मग?"

"मग गार झाली."

अम्मा म्हणाली, "ह्या माणसाला बोलतं करायला मला अठरा वर्सं लागली. तू दुसरंच काय तरी इच्यार."

मी विचारलं, "अम्माला पहिल्यांदा कुठं बघितलं?" अब्बा सांगायला लागले, मुरगूडच्या बाजारात, दोन बायका एका बांगडीवरून भांडत होत्या आणि तिसरी दोघींवर ओरडत होती, ती तिसरी म्हणजे ही. ते सांगता सांगता इतके रंगले की मी हिरवीगार बांगडी त्यांच्या मनगटावर कधी सरकवली ते त्यांना कळलंच नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा हात साधला.

पण ती बांगडी निघेना. चढवताना सैल पडलेला हात आता ताठ झाला होता. तेल लावलं, पाणी लावलं. शेवटी मी म्हणाले, "फोडूया."

अब्बांनी हात मागं घेतला. "ह्या घरात सध्या बांगडी फुटायची न्हाई."

ते एवढंच बोलले आणि सदऱ्याची बाही खाली ओढून लिंबाखाली जाऊन बसले. अम्मानं तोंड खिडकीकडं फिरवलं. मी चुलीकडं गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस अब्बा ती हिरवी बांगडी बाहीखाली घालून वावरले. दोन-चार दिवस कुणाला कळलं नाही. मग शुक्रवार, जुम्मा आला. मशिदीत नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय धुवायला, कोपरापर्यंत बाह्या सारायला लागतात, हे हौदाच्या काठी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. आजूबाजूला निम्मी पेठ. अब्बांनी घरी येऊन सांगितलं ते असं: शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बघितलं आणि विचारलं, "हे काय रं?" अब्बा म्हणाले, "बायको आजारी हाय. पोरगी हात शिकतीया." म्हाताऱ्यानं बाजूचं भांडं घेतलं आणि त्यांच्या हातावर, बांगडीवरून, पाणी ओतलं. अब्बा हे सांगताना हसत होते, आणि मध्येच त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

शेजारच्या काकीचं सांगायला पाहिजे. तिच्या घरची गावाबाहेर शेती होती, दारात दोन म्हशी होत्या. ती रोज दुधाचा तांब्या घेऊन यायची. आमच्या घरचं पाणी काकी प्यायची नाही, तशी रीतच होती. पण अम्माचं डोकं मांडीवर घेऊन तिला औषध पाजायला काकीला कुठलीच रीत आड आली नाही. मी फेरीवर गेले की ती अम्मापाशी बसायची आणि दोघी हळू आवाजात बोलायच्या. काकी सांगायची, "तुझी आई कानात बोलाय लागल्यापास्नं मला पेठेतली दुप्पट खबर कळतीया. आधी वरडून बोलायची तवा सगळं कुठं सांगता यायचं!"

विसाव्या दिवसाच्या पुढं केव्हातरी, दुपारी, अम्माला पुन्हा कळ आली. काकीनं मला निरोप पाठवला. मी पळत आले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते आणि कळ उतरली होती. अम्माचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुला आता हात आलाय. मला काय झालं तर अब्बास्नी एकटं टाकू नगंस. त्यास्नी बोलाय लावायला लागतं."

मी चिडले. आजारी आईवर चिडू नये, पण मी चिडले. "ते काम तुझंच हाय. मी न्हाई करणार." आणि हात सोडवून घेऊन औषधाचे थेंब मोजायला बसले. तीन वेळा मोजणी चुकली. अम्मा बघत होती. चौथ्यांदा ती स्वतःच मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत, माझ्याबरोबर. दहा झाले तेव्हा म्हणाली, "बास. आण हिकडं." त्या दिवसानंतर तिनं तसलं बोलणं कधी काढलं नाही.

त्यानंतर ती सावरत गेली. एका सकाळी उशीला टेकून बसली होती. अब्बा पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "आणा हात." अब्बांना वाटलं, आधार पाहिजे. तिनं त्यांचं मनगट पकडलं, अंगठा तळहातात दुमडला आणि म्हणाली, "मुरगूडच्या बाजारात माझ्या अंगावर कुठल्या रंगाचं लुगडं होतं?" अब्बा वर बघून आठवायला लागले. "निळं... न्हाई, थांब, जांभळं." तोवर बांगडी तिच्या हातात होती. काढणं हे भरण्यापेक्षा अवघड असतं. अम्माच्या बोटांत जोर परत आला, हे आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळलं.

"हिरवं हुतं," अम्मा म्हणाली.

मग पेठेतल्या बायका यायला लागल्या. आधी विचारपूस करायला एकदोघी. मग एकीनं हात पुढं केला, "आलोय तर भरून दे की गं." कोल्हापुरात बायकाही अशाच आलो-गेलो म्हणतात. अम्माला मनाई होती म्हणून हात मी भरायचा आणि तिनं अंथरुणावरून त्या बाईला बोलतं ठेवायचं. अशी आमची जोडी जमली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी तर आमच्या एवढ्याशा घरात आणि दारापुढं मिळून वीस-पंचवीस बायका जमल्या. ज्यांच्या ओसरीच्या पलीकडं आम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या आमच्या चटईवर ऐसपैस बसल्या होत्या. काकी मधोमध बसून कुणाचा नंबर कितवा ते ठरवत होती. अब्बा लिंबाखालून लाखेच्या बांगड्या आणून देत होते. आणि तेवढ्यात डॉक्टर आले.

ते दारातच उभे राहिले. आत यायला पाय ठेवायला जागा नव्हती. "मी विश्रांती सांगितली होती," ते कडाडले, "जत्रा नाही!"

सगळ्या बायका सावरून बसल्या. पदर डोक्यावर गेले. काकी मात्र उठून म्हणाली, "डाक्टर, तिला न्हाई, आमास्नी बोला. पर आधी तिच्या छातीला नळी लावून बघा, आन् मग वरडा."

बायकांनी वाट करून दिली. डॉक्टरांनी रागारागानं नळी लावली. त्या काळजाचा ठोका आम्हालाही ऐकू येईल असं मला वाटलं. त्यांनी पुन्हा ऐकलं. नाडी बघितली. मग नळी खिशात घालत, कुणाकडंही न बघता म्हणाले, "चालू द्या. पण दिवसाला दहा बायका. अकरावी आली तर मला सांगा." दारातून बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "उद्या आमच्या घरातून आल्या तर त्या दहात बसतील ना?"

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर काकी घामानं निथळत चटईवर टेकली. मी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या सवयीनं अम्मापुढं ठेवला. काकीनं तो उचलला, वरून घटाघटा प्यायली आणि तोंड पुसून उद्याच्या दहाजणींची नावं सांगायला लागली. अम्मानं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नकोस.

चाळीस दिवस सरले. डॉक्टरांनी घरात चालायची परवानगी दिली, मग दारापर्यंत, आणि आणखी महिन्याभरानं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यापर्यंतची ती पहिली चाल मला लख्ख आठवते. दिवस कलायला लागला होता. अम्मानं धुतलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले. एका बाजूनं अब्बा, एका बाजूनं मी. आमच्या दारापासून कोपरा शंभर पावलांवर असेल. पण पहिल्याच दारात तिला थांबवलं. तिथं बसायला पाट आला. दुसऱ्या दारात कुणाचं तरी तान्हं मूल तिच्या मांडीवर दिलं. तिसऱ्या घरात सासू-सुनेचं भांडण चाललं होतं. ते त्यांनी थांबवलं, अम्माला पूर्ण हकिकत ऐकवली आणि तिच्याकडून निवाडा करून घेतला. अब्बा कंटाळून पुढं गेले, परत आले, पुन्हा पुढं गेले.

कोपऱ्यावर भडभुंज्याची भट्टी होती. आम्ही तिथं पोचलो तेव्हा पेठेतले दिवे लावणारा माणूस शिडी घेऊन फिरायला लागला होता. अम्मा भट्टीशेजारच्या दगडावर बसली. अब्बांनी गरम चिरमुरे आणि फुटाणे घेतले आणि तिच्या पदरात ओतले. तिनं एक मूठ तोंडात टाकली, सावकाश चावली.

"दमलीस?" अब्बांनी विचारलं.

"न्हाई. तुमी दोघं जावा घरला. मी बसतो हितं जरा."

आम्ही कसले जातोय! अब्बा तिच्या शेजारी दगडावर टेकले, मी समोर उकिडवी बसले. रस्त्यानं जाणारी येणारी माणसं अम्माला बघून थांबत होती, हात वर करत होती. अब्बा आपणहून, कुणी न विचारता, बोलायला लागले; पुढच्या सणाला लाखेत कुठला रंग मिसळावा, ते सांगत होते. अम्मा ऐकत होती आणि फुटाण्यांची टरफलं फुंकून उडवत होती. चिरमुरे संपल्यावर तिनं पदर झटकला आणि आणखी एक शेर घ्यायला सांगितलं, काकीसाठी.